अक्षराचे वळण, वाक्याचे वळण

‘वळण’ हा शब्द आपण मराठीत दोन ठिकाणी वापरतो. एखाद्याच्या अक्षराला वळण असते, तसेच एखाद्याच्या भाषेलाही असते. पहिले डोळ्यांना दिसते, दुसरे कानाला कळते. संगणकावर मराठी उमटू लागल्यापासून आपण पहिल्याची पुष्कळ काळजी वाहिली. दुसऱ्याकडे मात्र काणाडोळा केला, असे आमचे मत आहे. या दोहोंचे नाते नीट समजून घ्यायचे, तर साहित्याच्या अभ्यासकांनी थोडी वाट वाकडी करून ईमॅक्स नावाच्या मजकूर-संपादकाकडे, आणि तो ज्या भाषेत घडवता येतो त्या लिस्पकडे, एकदा पाहावे.

लिस्प ही जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली योजलेली संगणकभाषा. तिची एक बोली वापरणारा ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली लोकांसमोर ठेवला. त्यात पडद्याचा रंग, अक्षरांचा आकार, ओळींमधले अंतर असे सारे काही बदलता येते. आणि हे बदल ज्या फायलीत नोंदवायचे ती फाईल हीच लिस्पमधली एक छोटी संहिता असते. म्हणजे अक्षराचे वळण सुधारायला बसलेला माणूस नकळत एका भाषेत लिहू लागतो. आमचे कुतूहल आहे ते इथे.

आधी रूपाविषयी. ईमॅक्स शब्दांना रंग देतो, ठळक करतो, पण फाईल साध्या मजकुराची असली तर त्यातले काहीही तिच्यात साठत नाही. जतन होतो तो केवळ पाठ. रूप पाहणाऱ्यापाशी राहते. हे क्षुल्लक वाटेल, पण मराठीने याच्या उलट वागण्याची किंमत मोजलेली आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडच्या बहुतेक डीटीपी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवलेले असत. फॉन्ट काढून घेतला की मागे उरे तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग. देवनागरीसाठी भारतीय मानक १९९१ साली ठरले होते, युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी होती. तरी छपाईच्या सोयीपोटी आपण कितीतरी वर्षे रूपालाच पाठ मानत राहिलो. त्या काळातले प्रबंध, अनियतकालिके, दिवाळी अंक यांच्या फायली आज उघडू पाहणाऱ्यास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

खरे तर पाठ आणि रूप यांतला भेद आपल्या परंपरेला नवा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यात तिसगाव आहे. त्याच जिल्ह्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तिसगावाहून शेवगावमार्गे गोदावरी ओलांडली की पैठण लागते. तिथल्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांची अक्षरे बदलली होती, पण नाथांना खटकली ती अक्षरे नव्हेत. मूळ पाठात शिरलेली पाठांतरे त्यांना खटकली. यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, असेही त्यांनी बजावले. आजच्या भाषेत हे पाठसंपादन, आणि मजकूर-संपादकाचे कामही याहून वेगळे नाही.

याचा अर्थ रूप गौण आहे असा नव्हे. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ प्रमाण ठरवले. तरीही पुष्कळ पडद्यांवर ही अक्षरे हिंदी वळणानेच उमटतात, कारण संकेत एकच असून आकार फॉन्ट ठरवतो. शिवाय संगणकलेखनाचे रूढ फॉन्ट टंकलेखनयंत्राच्या परंपरेतले, प्रत्येक अक्षराला सारखीच जागा देणारे. ‘र’ आणि ‘क्ष्म’ यांना एका मापाच्या खोलीत कसे बसवणार? ईमॅक्समध्ये देवनागरीपुरता निराळा फॉन्ट लावायला लिस्पची एक ओळ पुरते. ती लिहिणाऱ्यालाच हळूहळू उमगते की काही फरक केवळ रूपाचे असतात, काही पाठाचे. ‘ल’ची पाकळी हे रूप आहे. परंतु ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक पाठाचा आहे. तिथे साठवलेले संकेतच निराळे असतात. गुरूंना बोलवायचे की स्वयंपाक्यांना, हे फॉन्टवर सोपवता येत नाही.

आता वाक्याच्या वळणाकडे येऊ. ईमॅक्सची सजावट बहुतेक जण इतरांच्या फायलींतून उचलतात. त्यात गैर काही नाही. कित्ता गिरवल्यावाचून अक्षर येत नाही. मात्र पुढे स्वतः चार ओळी लिहिण्याची वेळ आली की अडते. दुसऱ्या संगणकभाषेतून आलेला मनुष्य लिस्पमध्ये लिहितो: ‘इफ’, त्यात ‘नॉट’, मग अनेक कृती एकत्र बांधायला ‘प्रॉग्न’. मुरलेला लिस्पकार तिथे एकच शब्द योजतो: ‘अनलेस’. दोन्ही चालतात, यंत्राला दोन्ही सारखेच. मराठीत पाहा: ‘जर पाऊस झाला नाही, तर पेरणी करू नका’ हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे, पण शेतकरी म्हणेल, ‘पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.’ अनलेस म्हणजे आपला ‘शिवाय’.

लिस्पमध्ये असे संकेत पुष्कळ आहेत. हो-नाही असे उत्तर देणाऱ्या कार्याच्या नावाअखेर ‘पी’ जोडावा. मिटते कंस एकेका ओळीवर न पसरता शेवटच्या ओळीच्या टोकाशी एकत्र मिटावेत. वाचकाने कंस मोजू नयेत, ओळींच्या समासावरून रचना ओळखावी. हे मोडले तरी यंत्र तक्रार करत नाही. तक्रार करतो तो वाचक. भाषेचे वळण नेमके इथे वसते: जिथे नियम संपतात, पण ऐकणारा संपत नाही.

आमच्या मते मराठीच्या वर्गांत आज हीच जागा रिकामी आहे. ‘बैठक आयोजित करण्यात आली’ यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नाही, म्हणून ते वाक्य लाल शाईतून सुटते. ‘बैठक झाली’ एवढे पुरले असते, हे कोणी सांगत नाही. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली हे सांगणार नाही. वाक्यामागून वाक्य सफाईने जुळवून देणारी आजची यंत्रेही ज्या मराठीवर पोसली जातील तसेच लिहितील; आणि आपण त्यांच्यापुढे परिपत्रकी मराठीच अधिक ठेवली, तर तेच वळण सार्वत्रिक होईल. पुढे ते कुणाला खटकणारही नाही, ही आमची खरी भीती आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा तांत्रिक भार कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. लिस्पमध्ये मराठीसारखे काही नाही. मराठीचे क्रियापद शेवटी बसते, तर लिस्पची क्रिया कंस उघडताच पुढे येते. पण परकी भाषा शिकताना आपल्याला आपल्या भाषेचे अंग दिसते, हा अनुभव संस्कृत वा इंग्रजी शिकलेल्या कोणालाही आहे. शिवाय ईमॅक्सला मोल पडत नाही, जुन्या संगणकावरही तो चालतो, आणि त्यातल्या बहुतेक आज्ञांची मूळ संहिता तिथल्या तिथे उघडून वाचता येते. तिसगावच्या विद्यार्थ्याला ती वाचायला पुण्याला जावे लागत नाही.

तेव्हा मराठी विभागांनी एक छोटा प्रयोग करावा. विद्यार्थ्यांनी एक निबंध साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहावा. पडदा ज्याने त्याने आपल्या आवडीने सजवावा, मात्र त्यासाठी उचललेली प्रत्येक ओळ वर्गाला समजावून सांगावी. मग शिक्षकांनी निबंध सजावटीविना, मोठ्याने वाचून घ्यावा, आणि वाक्य जिथे अडखळेल तिथे थांबून विचारावे: हे आपल्या गावात कसे म्हणतात?