चहा पाच अंशांवर!
अभियांत्रिकीला असलेल्या पुतणीने परवा इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरवर डिफरन्शियल इक्वेशन सोडवले. चहा ८० अंश, खोली ३०. दर मिनिटाला निवण्याचा वेग त्या फरकाच्या एक दशांश. ऑयलरच्या पद्धतीने १५ मिनिटांची एकच पायरी घेतली. उत्तर आले ५ अंश!

"अगं, खोलीपेक्षा थंड चहा?"

"काका, कॅल्क्युलेटरनेच सांगितलं!"

सुरुवातीचा ५ अंशांचा वेग त्याने १५ मिनिटे तसाच धरला होता. मग वही काढून आम्ही एकेका मिनिटाची पायरी घेतली. ७५, ७०.५... पंधराव्या पायरीला ४०.३. अचूक उत्तर ४१.२.

ही साधने मुलांनी जरूर वापरावीत. पण पहिल्या चार पायऱ्या हाताने कराव्यात. उत्तर यंत्र देईल, ते चुकलेले ओळखायचे मात्र आपणच.