दाब उतरला, पण नजर?

बाळाच्या काचबिंदूबद्दल दोन मतं ठामपणे ऐकू येतात. पहिलं घरातलं: जन्मापासूनचा काचबिंदू म्हणजे नजर गेलीच, मग एवढ्याशा जिवाला भूल कशाला द्यायची? दुसरं ऑपरेशननंतरचं: डोळ्यातला दाब उतरला, आता सुटलो.

पहिल्याला उत्तर कधीच मिळालं आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डॉ. अनिल मंडल यांनी अवघ्या काही आठवड्यांच्या बाळांवर शस्त्रक्रिया करून दाब आटोक्यात आणला. या कामासाठी त्यांना २००३ साली भटनागर पुरस्कारही मिळाला. वेळेत उपचार झालेली कितीतरी मुलं पुढे शाळेत फळा वाचतात. वेळ जाते ती कौतुकात. 'काय टपोरे डोळे आहेत!' असं शेजारीपाजारी म्हणत राहतात आणि बाळ उजेडात डोळे घट्ट मिटतं, डोळ्यांतून पाणी गळतं, याकडे कुणी पाहत नाही. जन्मतः बुबुळावरचा पारदर्शक पडदा साधारण १० मिलिमीटर रुंद असतो. पहिल्या वर्षातच तो १२ च्या पुढे गेला, तर तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

दुसरं मत मला जास्त घातक वाटतं, कारण ते निर्धास्त करतं. तान्ह्या बाळाचा डोळा मऊ असतो. दाबाने तो ताणून मोठा होतो, पारदर्शक पडद्याला आतून चिरा जातात. दाब उतरला तरी त्या चिरांचे व्रण राहतात, लघुदृष्टी राहते, वाकडातिकडा नंबर राहतो. धूसर चित्र पाठवणाऱ्या डोळ्याकडे मेंदू हळूहळू दुर्लक्ष करायला शिकतो. एकाच डोळ्याला काचबिंदू असेल तर हे जास्त घडतं, कारण दुसऱ्या चांगल्या डोळ्यावर मुलाचं सगळं भागतं. यालाच आळशी डोळा म्हणतात. यावर वेळेत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे मुख्य उपाय आहेत. मूल ती पट्टी ओरबाडून काढतं, रडतं, आई पुन्हा चिकटवते. नजर वाचवण्यातला हा मोठा वाटा घरात पार पडतो, पण त्याबद्दल त्या आईला कुणी धड समजावून सांगत नाही.

शिवाय दाब दहा-पंधरा वर्षांनीही पुन्हा चढू शकतो, तोही न दुखता. म्हणून तपासणी जन्मभराची. डिस्चार्ज कार्डावर नुसता दाबाचा आकडा नको. चष्म्याचा नंबर तपासण्याची पुढची तारीख आणि पट्टीचे रोजचे तास डॉक्टरांनी तिथेच मराठीत लिहून द्यावेत.