पोस्त, टिप आणि एक तारा



मागच्या महिन्यात नातवाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे बर्गर खायला गेलो होतो. “तुम्ही? आणि बर्गर?” असं विचारणाऱ्या माझ्या नणंदेला आधीच सांगून टाकते, मी घरून नेलेलं गाळलेलं पाणी तेवढं प्यायले आणि दिवस मावळायच्या आत आम्ही घरी होतो. नऊ वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला पुरणपोळी नको असते, हे मी आता मान्य केलं आहे.

आळंदीहून मोशीला गेलं की पुणे-नाशिक महामार्ग लागतो. त्या रस्त्यावरच्याच एका दुकानात गेलो. रविवार होता. चाकणच्या कंपन्यांतली मुलं, पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं, उभं राहायला जागा नाही. आमच्या आळंदीत साध्या चहाच्या टपरीवरही “माउली, काय देऊ?” असं विचारतात. इथे एका उभ्या यंत्राच्या काचेवर बोटं दाबायची आणि नंबर पुकारला जाईपर्यंत थांबायचं. सुनेने पनीरचा बर्गर दाबला, “कांदा नको” तेही दाबलं. माझं समाधान होईना म्हणून मी काउंटरवर जाऊन तोंडीही सांगून आले.

आणि बर्गरमध्ये कांदा आलाच.

माझा पारा चढला. टेबलावर चौकोनी ठिपक्यांचा कोड चिकटवलेला होता. तो मोबाइलने टिपला की तारे द्यायचा फॉर्म उघडतो. मी एक तारा दाबला, “दोनदा सांगूनही कांदा” असं लिहिलं आणि पाठवून दिलं. मग काउंटरकडे गेले.

तिथली मुलगी फार तर वीस वर्षांची असेल. कळंबकडची, हे नंतर कळलं. तिने वाद घातला नाही, बिलही मागितलं नाही. बर्गर उचलून आत गेली आणि पाच-सात मिनिटांत नवा स्वतः टेबलावर घेऊन आली. कागद उघडून दाखवला. “आजी, बघून घ्या. हातमोजे पण बदललेत मी.” हातमोजे बदल असं मी सांगितलं नव्हतं. कांदा काढून टाकला म्हणजे झालं, असं समजणारे आमच्या नात्यातही आहेत. या मुलीला न सांगता कळलं.

निघताना मी ट्रेखाली पन्नासची नोट ठेवली. गाडीपाशी पोहोचतो तोच ती धावत आली, नोट हातात. “आजी, आम्हाला घेता येत नाही. कॅमेरा आहे.” मी आग्रह केला, तिने हात मागे घेतला. मग जरा घुटमळून म्हणाली, “फॉर्मवर माझं नाव लिहाल का? ते वरती बघतात.”

मी हो म्हटलं. एक तारा आधीच पाठवून बसले आहे, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

घरी येऊन बराच वेळ तेच डोक्यात होतं. अशा दुकानांत टिप का नसते, याचं मूळ जुनं आहे. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातलं आपलं हॉटेल काही काळ बंद ठेवून नव्या पद्धतीने उघडलं. गाडीपर्यंत ताट नेणाऱ्या मुली काढल्या, काचेच्या बश्या काढल्या, पदार्थ मोजके ठेवले आणि हॅम्बर्गर १५ सेंटला विकला. गिऱ्हाइकाने खिडकीशी उभं राहून घ्यायचं. वाढणारंच कोणी नाही, तर टिप कोणाला? स्वस्ताईचा हिशोब तिथून सुरू होतो. आपणही त्या हिशोबात असतो. ताट आपण न्यायचं आणि खाऊन झाल्यावर कागद-पेले आपणच डब्यात टाकायचे. त्या दिवशी आजूबाजूच्या बहुतेक टेबलांवर सॉस सांडलेले ट्रे तसेच पडले होते. टिप न देणारे आणि ट्रेही न उचलणारे आपण, मग म्हणतो सर्व्हिस पूर्वीसारखी राहिली नाही.

मी बी.कॉम. आहे, लग्नानंतर घरच्या दुकानाची वहीखातीही सांभाळली. आमच्या खतावणीत ‘पोस्त’ नावाचं खातं असे. दिवाळीला हमाल, पोस्टमन, झाडूवाली, सगळ्यांची पोस्त त्यात लिहिली जाई. सासरे म्हणत, हे धर्मादाय खात्यात टाकू नको, हे दान नव्हे, त्यांनी वर्षभर राबून मिळवलेलं आहे. टिपेबद्दल माझं अजून तेच मत आहे. ती देऊन आपण कोणावर उपकार करत नाही. पण ती आपल्या हाताने, आपल्या मनाने दिलेली असावी.

म्हणूनच बिलात आधीच लावलेल्या सेवा शुल्काला माझा विरोध आहे. मागे यांच्या वाढदिवसाला पिंपरीतल्या एका हॉटेलात १८४० रुपयांचं जेवण झालं. त्यावर दहा टक्के म्हणजे १८४ रुपये सेवा शुल्क, आणि त्या २०२४ रुपयांवर पाच टक्के जीएसटी, १०१ रुपये २० पैसे. म्हणजे बक्षिसीवरही कर! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलं आहे की असं शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते कायम केलं. मी तेवढंच सांगितलं, त्यांनी शुल्क काढलं. कोणी ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. वाढणाऱ्याला यांनी शंभराची नोट हातात दिली. “ते बिलातलं तुम्हाला मिळतं का हो?” असं मी विचारलं, तर तो नुसता हसला.

टिप देताना समोर माणूस असतो. कमी दिली तर आपल्यालाच त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. ताऱ्याचं तसं नाही. बोट टेकवलं की झालं, तो कोणाच्या नावे खर्ची पडला ते आपल्याला दिसतही नाही. कांदा आतल्या कोणा मुलाने रविवारच्या घाईत घातला असेल. माझा तारा त्याला लागला, की त्या वेळी कामावर असलेल्या सगळ्यांना, की हातमोजे बदलणाऱ्या तिलाच? बरं, तक्रार खोटी नव्हती. आपल्या घरात कांद्याचा प्रश्न छोटा नाही, आणि सांगूनही चूक होत असेल तर कळवायलाच हवं. पण मी एक सामायिक होईपर्यंत, ४८ मिनिटं, बोट आवरलं असतं तर तक्रारीच्या खाली तिचं नावही गेलं असतं. आणि मैत्रिणींनो, खरं सांगा, चांगलं झालं म्हणून आपण असा फॉर्म कधी भरला आहे? मी तर नाही.

त्या रात्रीच मी दुसरा फॉर्म भरायला घेतला. पाच तारे, तिचं नाव, हातमोज्यांची गोष्ट, सगळं लिहिलं. शेवटी बिलाचा नंबर मागितला. बिल नातवाकडे होतं आणि त्याने त्याची होडी करून बादलीत सोडली होती. शाई पार उडालेली.

परवा मुलगा चाकणला कामावर जात होता, त्याच्याबरोबर मी गाडीत बसले. दुकान नुकतंच उघडलेलं, ती दिसली नाही. मॅनेजर म्हणाले, तिची दुपारची पाळी आहे. तिचं नाव लिहून ठेवायला मी वही मागितली, तर त्यांच्याकडे वही नव्हती. त्यांनी त्यांच्या मोबाइलवर लिहून घेतलं. मी समोर उभं राहून, त्यांनी पाठवलं म्हणेपर्यंत हलले नाही.