अंगठीचे पारायण

पुस्तक वाचावे की ऐकावे, असा प्रश्न आमच्या पणजीला कोणी विचारला असता, तर तिला तो कळलाच नसता. एकाने वाचायचे आणि दहा जणींनी ऐकायचे, हीच तिची वाचनाची कल्पना. चातुर्मासात 'हरिविजय' नाही तर 'पांडवप्रताप' लागला, की ती वाती वळीत देवघराच्या दाराशी बसे. तिला अक्षरओळख नव्हती. पण पोथी वाचणारा एखाद्या ओवीत अडखळला, की पुढचा शब्द ती बसल्या जागेवरून सांगे, असे घरात अजून बोलले जाते. आता तिने श्रीधर कवी 'वाचला' होता की नव्हता? ज्याला जे उत्तर द्यायचे असेल ते त्याने द्यावे. मी मराठीचा मास्तर असलो, तरी तिची परीक्षा घ्यायला धजलो नसतो.

पणजीची आठवण व्हायचे कारण म्हणजे हल्ली घरोघर रंगणारा एक वाद. मोठमोठाले ग्रंथ आता मोबाइलमधून बोलू लागले आहेत. कोणी ते भाजी निवडताना ऐकतो, कोणी लोकलमध्ये कडीला लोंबकळत ऐकतो, आणि मग चारचौघांत म्हणतो, "ते पुस्तक मी वाचले." लगेच दुसरा त्याला अडवतो, "वाचले नाहीस, ऐकलेस!" जणू ऐकणे म्हणजे परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणेच. लॉगरिथमची कोष्टके कानांनी वाचता येत नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण अद्भुत कथांची गोष्ट निराळी. त्यांतल्या एका फार प्रसिद्ध कथेची तर जन्मकथाच कानाशी बांधलेली आहे.

ती कथा म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत ती तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनी ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली आहे. कथेचे सूत्र चार ओळींत सांगता येते. जगाला गुलाम करू शकेल अशी एक अंगठी फ्रोडो नावाच्या एका बुटक्या, गृहस्थी वळणाच्या हॉबिटाच्या हाती येते. ती वापरायची नाही, लपवायची नाही. जिथे ती घडली त्या ज्वालामुखीत नेऊन टाकायची. फ्रोडो निघतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा इमानी माळी सॅम निघतो. हजारभर पानांचा प्रवास, तो एवढ्यासाठी.

टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. इंग्रजी भाषेचे जुन्यातले जुने रूप हा त्यांचा विषय. एरवी ते भराभर आणि पुटपुटल्यासारखे बोलत, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. पण 'बेवूल्फ' हे प्राचीन काव्य शिकवायला ते वर्गात शिरले, की पहिल्याच शब्दाची अशी काही गर्जना करीत, की बाके सावरून बसत. डब्ल्यू. एच. ऑडन हे पुढे मोठे कवी झाले. त्यांनी ते पठण विद्यार्थिदशेत ऐकले होते. आपण ऐकला तो आवाज गँडाल्फचाच होता, असे त्यांनी पुढे टॉल्किनना पत्रातून कळवले. गँडाल्फ हा या कथेतला वृद्ध जादूगार. वर्षानुवर्षे मुलांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या पत्राचा हेवा वाटल्याशिवाय राहत नाही.

आणि ही कथा छापून येण्यापूर्वी कित्येक वर्षे ऐकली जात होती. सी. एस. लुइस यांच्या मॉडलिन कॉलेजातल्या खोलीत गुरुवारी रात्री चार मित्र जमत. स्वतःला ते 'इंकलिंग्ज' म्हणवत. ज्याने जे लिहिले असेल ते त्याने वाचून दाखवायचे आणि बाकीच्यांनी त्याचे वाभाडे काढायचे, हा तिथला रिवाज. अंगठीची कथा तिथे प्रकरणाप्रकरणाने वाचली गेली. पुढे टॉल्किन यांचा मुलगा क्रिस्टोफर सैन्यातून परतला, आणि मंडळींनी वाचनाचे काम त्याच्याकडे दिले. कारण बापापेक्षा मुलगा बरा वाचतो, असे सर्वांचे मत पडले. श्रोत्यांत ह्यूगो डायसन नावाचे एक गृहस्थ होते. त्यांना ही कथा मुळीच मानवत नसे. शेवटी अशी तोड निघाली, की डायसन आले म्हणजे अंगठीचे वाचन बंद. जगातल्या कोट्यवधी वाचकांना जे आवडले, ते ऐकायला कंटाळणारा माणूस लेखकाच्या मित्रांतच होता, ही गोष्ट सर्व होतकरू लेखकांनी दिवाळीच्या दिवसांत ध्यानात ठेवण्यासारखी आहे!

त्याहून मौजेचा प्रसंग १९५२ सालच्या ऑगस्टमधला. ग्रंथ लिहून तयार होता, पण प्रकाशनाचे घोडे पेंड खात होते. टॉल्किन खिन्न मनाने मॉल्व्हर्न या गावी जॉर्ज सेयर या स्नेह्याकडे उतरले होते. यजमानांनी करमणूक म्हणून घरातला टेपरेकॉर्डर बाहेर काढला. या यंत्रात भूत असले तर ते आधी बाहेर काढावे, म्हणून टॉल्किन यांनी येशूची प्रार्थना चक्क गॉथिक या मृत भाषेत त्याला म्हणून दाखवली! मग त्यांनी आपल्या कथांतले वेचे वाचले, गाणी म्हटली, गॉलम या अभागी प्राण्याचा खरखरीत आवाज काढला. यंत्रातून परत आलेली आपली कथा ऐकून ते हरखून गेले. प्रकाशकांशी त्यांची बोलणी पुन्हा सुरू झालीच होती. त्याच वर्षअखेर करार झाला. टेपवरचे हे वाचन पुढे १९७५ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, ध्वनिमुद्रिकांवर प्रसिद्ध झाले. यजमानांचे ते यंत्र मला तरी त्या ग्रंथाच्या पहिल्या प्रतीइतकेच मोलाचे वाटते.

आज ही कथा इंग्रजीत ऐकायची, तर दोन वाचने मुख्य आहेत. पहिले रॉब इंग्लिस यांचे, १९९० सालचे. ते पन्नास तासांहून मोठे आहे. दुसरे अँडी सर्किस यांचे, २०२१ सालचे. ते साठ तासांच्याही पुढे जाते. इंग्लिस हे जुन्या पुराणिकबुवांच्या जातीचे. सूर शांत, बैठक पक्की. पात्र बदलले की आवाज थोडा बदलतो, पण सांगणारा कधी पडद्याआड जात नाही. सर्किस हे हाडाचे नट. चित्रपटांत त्यांनीच गॉलम उभा केला. मांजराने घशात अडकलेला केसांचा गोळा बाहेर काढताना केलेल्या आवाजावरून आपल्याला गॉलमची बोली सुचली, असे ते सांगतात. २०२० च्या मे महिन्यात सगळे जग घरात कोंडलेले असताना, मदतनिधीसाठी त्यांनी 'द हॉबिट' ही अंगठीच्या आधीची कथा एका दिवसात अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवली. त्यांच्या वाचनात सांगणारा कमी आणि पात्रे जास्त दिसतात. कोणाला बुवा आवडतील, कोणाला नट. मी बुवांच्या बाजूचा.

आमच्या घरी हे बुवा आले ते मात्र करमणूक म्हणून नव्हे. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. वय एकोणऐंशी. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून त्यांनी तरुणपणी या कथेचे तिन्ही खंड जुन्या बाजारात घेतले आणि तीनदा वाचून काढले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची झीज सुरू झाली. कडेचे दिसते, पण पाहू तोच शब्द नेमका पुसलेला असतो. त्यांनी तक्रार केली नाही. सकाळी वर्तमानपत्र हातात धरून बसत. पण पान उलटले जात नसे. ते सर्वांच्या आधी माझ्या बायकोच्या लक्षात आले. मग आमच्या कन्येने एके दिवशी आजोबांच्या कानांना इंग्लिसबुवा लावून दिले.

पहिले आठ दिवस अण्णा काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी जेवताना म्हणाले, "या पुस्तकात इतकी गाणी कुठे होती रे?" गाणी होतीच. या ग्रंथात साठांहून अधिक कविता आहेत, आणि बहुतेक वाचक त्यांवरून ढांग टाकून पुढे जातात. डोळ्यांना ती सोय असते. कानांना सहसा नसते. इंग्लिस ती सारी गाणी खरोखरच गातात. ओसाड रानात, अंधाऱ्या खाणीत, प्रेताशेजारी ही माणसे गातात ती का, हे कळायला गाणे ऐकावेच लागते. पुढे महिनाभराने अण्णा रागावले. "हा मनुष्य बोरोमीरला फार उर्मट करतो. तो तसा नाही. तो घाबरलेला आहे." पाऊण तास त्यांनी मला बोरोमीर समजावून सांगितला. ज्या दिवशी ते निवेदकाशी भांडले, त्या दिवशी माझी खात्री पटली, की अण्णा पुन्हा वाचू लागले.

बोलक्या पुस्तकांचा उगमही अशाच गरजेतून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धात अनेक सैनिकांची दृष्टी गेली. इयन फ्रेझर हा त्यांतलाच एक तरुण अधिकारी. १९१६ साली सोमच्या लढाईत तो आंधळा झाला. प्रौढ वयात ब्रेल शिकणे सर्वांना साधत नाही, हे ओळखून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रिकांवर पुस्तके उतरवण्याचा ध्यास घेतला. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात अशी पहिली पुस्तके अंध वाचकांच्या हाती पडली. त्यांत अॅगाथा ख्रिस्तींची एक रहस्यकथा होती, जोसेफ कॉनरॅड यांची एक सागरकथा होती. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटांचा मजकूर मावे. एका कादंबरीला दहा-दहा तबकड्या लागत. ती टपालाने यायची, ऐकून परत पाठवायची. आपण आज मोबाइलवर सहज बोट ठेवतो, त्याच्यामागे ही वाट आहे. 'ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे' असे म्हणणाऱ्याने एवढे मनात आणावे.

ऐकण्याला मर्यादा आहेतच. नकाशा कानाला दिसत नाही, आणि अंगठीची कथा नकाशावाचून म्हणजे वाटाड्याशिवाय घाट चढणे. मागचे पान पटकन उलटता येत नाही. दुसऱ्याने केलेला अर्थ आपल्या गळी उतरतो. उलट उच्चारांचा लाभ मोठा. डोळ्यांनी वाचणारा बिनदिक्कत 'सेलेबॉर्न' म्हणतो; टॉल्किन यांनी ग्रंथाच्या शेवटी परिशिष्टात बजावले आहे, की 'सी' हे अक्षर नेहमी 'क' म्हणून उच्चारायचे, म्हणजे 'केलेबॉर्न'. तेव्हा माझे मत असे, की नकाशा मांडीवर असावा आणि कथा कानात. भांडण लावायचेच असेल, तर ते आणखी एका प्रकाराशी लावावे. आमचे चिरंजीव सारी पुस्तके दीडपट वेगाने ऐकतात. भीमसेनांचा विलंबित ख्याल दीडपट वेगाने ऐकला तर काय होईल, हे मी त्याला विचारले. "लवकर संपेल," असे उत्तर आले. यावर मास्तराने काय बोलावे?

या कथेत एक प्रसंग असा आहे. अंगठी घेऊन निघालेले ते दोघे शत्रूच्या मुलखाच्या तोंडाशी येऊन टेकलेले असतात. परतण्याची आशा नाही, पाणी संपत आलेले. तेव्हा सॅम मालकाला म्हणतो, की आपलीही कधी गोष्ट होईल का? पुढे कधीतरी लोक शेकोटीपाशी बसून ती सांगतील का, तांबड्या-काळ्या अक्षरांच्या मोठ्या थोरल्या पुस्तकातून कोणी ती मोठ्याने वाचून दाखवील का? हे ऐकून फ्रोडो त्या भयाण जागी मनमोकळे हसतो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या त्या साध्या माळ्याच्या स्वप्नातला वाचक एकटा, मुकाट बसलेला नाही. तो दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवतो आहे, आणि ऐकणारी लहान मुले पुढचे ऐकायला हट्ट धरून बसली आहेत.