जुन्या गाडीची नवी ठिणगी

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाने आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीचा डेल्को काढून ठेवला, आणि घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसासच बाहेर काढल्याप्रमाणे वादळ उठले. बाबा दोन दिवस गाडीकडे फिरकले नाहीत. आमचे मेस्त, म्हणजे कोकणीत आम्ही कारागिरास म्हणतो ते, एवढेच म्हणाले, "वाटेत बंद पडली तर मला हाक मारू नका." मला मात्र भावाने केले ते योग्य वाटते, आणि त्याची कारणे आमच्या विद्यार्थ्यांपुढे मांडावीत अशी इच्छा आहे.

प्रथम ह्या डेल्कोविषयी. अमेरिकेतील डेटन शहरी चार्ल्स केटरिंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९०९ साली जी कंपनी स्थापिली, तिचे हे संक्षिप्त नाव आमच्या गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरलाच चिकटले. त्याची योजना मोठी चतुर आहे. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहत असतो. पॉइंट उघडले की तो एकाएकी तुटतो, कॉइलमधील चुंबकक्षेत्र कोसळते आणि तिच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो. फिरता रोटर तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगकडे पोचवितो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असता पॉइंटना त्या मिनिटात ६,००० वेळा उघडमीट करावी लागते. मग त्यांची तोंडे जळावीत, टाच झिजावी आणि ठिणगीची वेळ हळूहळू ढळावी, ह्यात नवल ते काय? त्यात आमचा पावसाळा! टोपीच्या आत ओल शिरली की विजेला प्लगपेक्षा जवळची वाट सापडते. अनमोड घाटात भर पावसात टोपी काढून रुमालाने पुसणारे बाबा मला लहानपणापासून आठवतात.

नव्या व्यवस्थेत पॉइंट नाहीत, रोटर नाही, टोपीही नाही. क्रँकच्या पुलीवर एक दातेरी चाक बसविले आहे. त्यावर ३६ दात्यांची जागा असून एक दाता मुद्दाम गाळलेला आहे. म्हणजे दर दाता १० अंशांचा. चाकाजवळचा संवेदक दाते मोजतो, आणि ती रिकामी जागा आली की इंजिन नेमके कोठे आहे हे छोट्या संगणकास कळते. ठिणगी किती अंश आधी पाडावयाची, हे तो इंजिनाचा वेग व भार पाहून ठरवितो. पूर्वी हेच काम डेल्कोच्या पोटातील वजने, स्प्रिंगा आणि निर्वाताचा पडदा करीत असत. कॉइली दोन. पहिला व चौथा दट्ट्या एकदमच वर येतात, तसेच दुसरा व तिसरा. म्हणून एक कॉइल दोन प्लगांस एकाच वेळी ठिणगी देते. एकीने इंधन पेटते, दुसरी धूर बाहेर जाणाऱ्या सिलिंडरात वाया जाते. हा अपव्यय निरुपद्रवी आहे, आणि त्यामुळेच वाटप करणाऱ्या यंत्राची गरज उरत नाही.

ह्याने गाडीची शक्ती फार वाढते, असे जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. पॉइंट नीट लावलेली गाडीही उत्तम पळते. मिळते ती खात्री. जी गाडी केवळ प्रदर्शनात मिरवावयाची, तिचा डेल्को खुशाल तसाच राहू द्यावा. आमची गाडी आठवड्यातून दोनदा आईस डायलिसिससाठी नेते, पहाटे पाच वाजता, पाऊस असो वा नसो.

मेस्तांचा आक्षेप मात्र खोटा नाही. पॉइंट बिघडले तर काचकागद आणि पत्र्याची पट्टी घेऊन माणूस घरी पोचतो. संगणकाची पेटी बिघडली तर गाडी ओढूनच आणावी लागते. म्हणून भावास मी तीन अटी घातल्या. इंजिनास कोठेही कायमचे भोक पाडावयाचे नाही, जुना डेल्को तेल लावून डिकीत ठेवावयाचा, आणि तारांची संपूर्ण आकृती बॉनेटच्या आत चिकटवावयाची. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाजारात मिळणाऱ्या काही पेट्या लाखेने बंद केलेल्या असतात आणि सोबत आकृती नसते. अशी वस्तू विकणे म्हणजे गिऱ्हाइकास जन्मभर परावलंबी करणे होय. नव्या यंत्रात समजण्यास अवघड असे फार नाही. गाळलेल्या दात्याचे गणित आठवीतील मुलास सुटते. ते त्यास दाखविले मात्र पाहिजे.

जून, जुलै व ऑगस्ट हे महिने गाडी एकदाही थांबली नाही. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मेस्त दर्शनास आले, आणि न बोलावता आपला टायमिंग लाइट घेऊन गाडीपाशी गेले. झगमगत्या प्रकाशात पुलीवरची खूण जणू गोठल्यासारखी स्थिर दिसत होती. त्यांनी वेग वाढविला, तशी ती संथपणे पुढे सरकली. पुन्हा कमी केला. ती जागेवर आली. "गाळलेला दाता कोणता, तो दाखव," असे ते भावास म्हणाले. मग बराच वेळ दोघेही वाकून उभे होते, आणि बाबा कंदील धरून.