हात दाखवला तर थांबा

समस्त दुचाकी, रिक्षा, मोटार आणि बस चालवणाऱ्या पुणेकरांस सप्रेम नमस्कार.

विनंतीआधी एक कबुली देतो. मी एकतीस वर्षं या शहरात स्कूटर चालवली. लाल दिव्याला थांबलो, चौकात मामा दिसले की जरा जास्तच शिस्तीत थांबलो. पण झेब्रा क्रॉसिंगवर उभ्या असलेल्या माणसासाठी थांबल्याचं एकदाही आठवत नाही. त्याला वळसा घालून निघायचो, आणि वर आपण गाडी किती सफाईनं काढली याचं स्वतःशीच कौतुक. पुढे मोतीबिंदू आणि गुडघा एकाच वर्षी निघाले, स्कूटर पुतण्याकडे गेली आणि साठी उलटल्यावर मी पादचारी झालो. तेव्हापासून त्या एकतीस वर्षांचं व्याज फेडतो आहे.

परवाचीच गोष्ट. टिळक रस्त्यावर एस. पी. कॉलेजच्या अलीकडे एक आजी पलीकडे जायला उभ्या होत्या. डाव्या हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय, उजवा हात वर, तळवा वाहनांकडे. पाच-सहा गाड्या गेल्या. मग एक बस थांबली, अगदी पट्ट्यांच्या आधी. ड्रायव्हरनं मानेनंच ‘जा’ म्हटलं. आजी निघाल्या. बसच्या तोंडापुढून त्या बाहेर येणार, तोच बसच्या उजव्या अंगानं एक मोपेड सुसाट आली. करकचून ब्रेक, मोपेड तिरकी, मेथी रस्त्यावर. कुणाला लागलं नाही. मोपेडवरची मुलगी घाबरून ओरडली, “आजी, बघून चाला की!”

आजींनी बघितलं होतं. बसकडे.

या प्रसंगात वाईट कुणीच नव्हतं, हेच मला जास्त टोचलं. मुलीला बसमुळे आजी दिसल्या नाहीत आणि आजींना मोपेड. बस का थांबली असेल, हा प्रश्न मात्र त्या मुलीला पडला नाही. माझ्या स्कूटरच्या दिवसांत मलाही कधी पडला नसता. पुढची गाडी विनाकारण थांबली असं वाटलं, की समजा, तिच्या पुढ्यात कुणीतरी चालतंय. तिला डावीउजवीकडून ओलांडू नका. या पत्रातलं दुसरं काही पटलं नाही तरी चालेल, एवढं मात्र ऐका.

कायद्याचं म्हणाल, तर वाहन चालवण्याच्या २०१७ च्या केंद्रीय नियमावलीप्रमाणे झेब्रा क्रॉसिंगपाशी वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून, पादचाऱ्याला आधी जाऊ देणं चालकावर बंधनकारक आहे. म्हणजे थांबणं हे उपकारात मोडत नाही. आपल्या महापालिकेनं तर २०१६ सालीच पादचारी धोरण मंजूर केलं आणि २०२१ पासून ११ डिसेंबर हा पादचारी दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालतात, मुलं पळतात, फोटो निघतात. १२ डिसेंबरला सगळे पुन्हा कडेला. आणि हा रस्ता एकेरी असूनही ओलांडताना आपण दोन्हीकडे बघतो. का, ते पुणेकराला सांगायला नको.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला नव्वद. वर्तमानपत्रात ती ‘पादचारी ठार’ एवढ्या दोन शब्दांत येतात.

चालणारेही काही संत नसतात, मान्य. कानाला मोबाइल लावून दुभाजकावरून उड्या मारणारे मीही पाहतो, मनातल्या मनात त्यांना चार शब्द सुनावतोही. पण ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात चौदा मीटर पुढे जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. तेवढ्याच रुंदीचा रस्ता ओलांडायला माझ्या गुडघ्याला पंधरा सेकंद लागतात. आपली चूक झाली तर तुमचा आरसा फुटतो, माझं खुब्याचं हाड. हिशेब बरोबरीचा नाही.

“मी थांबलो तर मागचा येऊन आदळेल,” असं पुतण्या म्हणतो. भीती खरी आहे. म्हणून पट्ट्यांवर येऊन दाबू नका. लांबूनच ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक हलकेच लावा म्हणजे मागचा लाल दिवा बोलेल, आणि जमल्यास हात बाहेर काढून मागच्याला खूण करा. आमच्या पिढीला लायसन्सच्या परीक्षेला हाताच्या खुणा यायलाच लागायच्या. सिग्नलला थांबाल तेव्हा मात्र पट्ट्यांच्या मागे, त्यांच्यावर नाही. आणि डावीकडे वळणं खुलं असलं, तरी त्या वळणावर माणसं चालत असतात. आमचा हिरवा दिवा लागतो आणि नेमकं तेव्हाच डावीकडून तुमची रांग सुरू होते. आम्ही जायचं कधी?

आता ‘हे पुण्यात होणं नाही’ म्हणणाऱ्यांसाठी. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया हे मोटारींसाठीच आखलेलं शहर. तिथे १९९७ साली वृत्तपत्रं, सरकार आणि नागरिक एकत्र आले आणि ठरलं, की पादचाऱ्यानं पट्ट्यांपाशी हात पुढे करायचा आणि गाड्यांनी थांबायचं. आधी समजावलं, मग दंड सुरू केला. ती सवय त्या शहराची ओळख होऊन बसली. हे वाचलं तेव्हा मला आपल्या एसटीची ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ योजना आठवली. खेड्यातल्या फाट्यावर हात वर झाला की भरलेली एसटी थांबते, आणि पुण्यात झेब्रावर हात वर करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण!

पण आपल्यालाही थांबता येतं की. आषाढीच्या पालख्या शहरात येतात तेव्हा फर्ग्युसन रस्त्यावरून लाखो पावलं जातात, आणि हेच पुणं गाड्या बाजूला लावून कडेला उभं राहतं. कुणी हॉर्न वाजवत नाही. कुणी पाणी देतं, कुणी पाय चेपून देतं. अनोळखी माणसाला आपण ‘माउली’ म्हणून वाट देतो. दोन दिवसांनी पालख्या पंढरपूरकडे निघतात आणि टिळक रस्त्यावर मेथीची पिशवी घेतलेली माउली पुन्हा पाच-सहा गाड्या जाईपर्यंत ताटकळत राहते.

मी सगळं शहर एका दिवसात बदलायला सांगत नाही. तुमच्या रोजच्या वाटेवरचं एक क्रॉसिंग निवडा. शाळेपुढचं, मंडईजवळचं, मेट्रो स्टेशनखालचं, कुठलंही. तिथे रोज थांबायचं ठरवा. सुरुवातीला मागून हॉर्न वाजतील. ज्याच्यासाठी थांबाल तोही गोंधळेल, कारण त्याला सवय नाही. तुम्ही निघाल म्हणून तो थांबेल, तो निघेल म्हणून तुम्ही थांबाल, असं ‘पहले आप’ आठवडाभर चालेल. चालू द्या. आणि चालणाऱ्यांनो, कुणी थांबलं तर मान हलवून दाद द्या. बसवाल्याला त्या आजींनी दिली होती, मेथी गोळा करता करता.

मी सकाळी साडेनऊला टिळक रस्त्यावर त्याच पट्ट्यांपाशी असतो. अंगात राखाडी स्वेटर, खांद्याला झोळी. हात दाखवीन.

आपला,
एक माजी स्कूटरवाला, सदाशिव पेठ