विश्लेषण : पंचाहत्तरीनंतर आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करावी का?

दिवाळीत पुण्याहून मुलगा वसमतला येतो. वडील ७८ वर्षांचे, रोज सकाळी शेताला चक्कर मारणारे, कसलाही त्रास नसलेले. मोबाइलवर ‘फुल बॉडी चेकअप’ची जाहिरात दिसते आणि ‘एकदा आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेऊ’ असा विषय निघतो. त्याच घरात आईला दोन महिन्यांपासून शौचावाटे रक्त जाते. ते मात्र ‘मूळव्याध असेल, या वयात होतंच’ म्हणून सोडून दिले जाते.

हिंगोली जिल्ह्यात किंवा बाहेर, असे चित्र कोणत्याही घरात दिसू शकते. घाई वडिलांसाठी होते. गरज मात्र आईला असते.

स्क्रीनिंग आणि निदान यांत फरक काय?

काहीही त्रास नसताना आजार शोधणे म्हणजे स्क्रीनिंग. त्रास होत असताना त्याचे कारण शोधणे म्हणजे निदान. मशीन तेच, डॉक्टर तेच, पण हिशेब वेगळा. स्क्रीनिंगला वयाची मर्यादा असते. निदानाला अशी ठरलेली मर्यादा नसते.

मोठ्या आतड्यात आधी पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा कोंब येतो. सगळे पॉलिप बिघडत नाहीत. जे बिघडतात, त्यांचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीत असा कोंब दिसला, तर तो तिथेच काढता येतो. दुसरा मार्ग ‘फिट’ चाचणीचा. घरी घेतलेल्या विष्ठेच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का, हे त्यातून कळते.

वय वाढले की फायदा का घटतो?

कारण फायदा उशिरा मिळतो आणि धोका त्याच दिवशी असतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील २०१३ च्या एका विश्लेषणानुसार, विष्ठेतील रक्ताच्या तपासणीमुळे दर हजार जणांमागे एक मृत्यू टळायला सरासरी सुमारे दहा वर्षे लागतात. ८० व्या वर्षी हृदयविकार, मधुमेह किंवा किडनीचा आजार असलेल्या माणसासाठी ही मुदत फार लांबची आहे.

पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ५५ ते ६४ वयोगटात मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. कोलोनोस्कोपीसाठी बोलावलेल्या गटात दहा वर्षांत कर्करोगाचा धोका १.२० टक्क्यांवरून ०.९८ टक्क्यांवर आला. बोलावलेल्यांपैकी ४२ टक्केच तपासणीला आले होते, त्यामुळे प्रत्यक्ष करून घेणाऱ्यांचा फायदा यापेक्षा जास्त असणार. तरीही अंदाज येतो : तुलनेने तरुण गटातही हा चमत्कार नाही.

दुसरीकडे, कोलोनोस्कोपीत आतड्याला छिद्र पडण्याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीन आहे आणि वयानुसार ते वाढते. त्याआधीची तयारीही सोपी नाही. पोट साफ करणारे औषध काही लिटर पाण्यातून प्यायचे, रात्रभर शौचाला जायचे. संडास अंगणाच्या टोकाला असेल, तर अंधारात पाय घसरण्याची भीती वेगळीच. शरीरातील पाणी आणि क्षार कमी होणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवाव्या लागणे हेही आहेच.

जगात काय नियम आहेत?

अमेरिकेतील प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सची २०२१ ची शिफारस अशी : ४५ ते ७५ वयात सर्वांनी तपासणी करावी; ७६ ते ८५ मध्ये प्रकृती, आधीच्या तपासण्या आणि व्यक्तीची इच्छा पाहून ठरवावे. अमेरिकन कॅन्सर सोसायटी ८५ नंतर थांबायला सांगते. इंग्लंडमध्ये ७४ पर्यंत दर दोन वर्षांनी घरी किट येते. पुढे हवे असल्यास मागून घ्यावे लागते.

आपल्याकडे हेच लागू होते का?

जसेच्या तसे नाही. भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी, ग्रामीण भागात आणखी कमी आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, म्हणून गावाकडचे आकडे आपल्याला ठाऊक आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमातही तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, आतड्याची नाही.

याचा अर्थ गावाकडे स्क्रीनिंग निरुपयोगी, असा नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आजार जिथे जास्त आणि वय योग्य, तिथे तपासणी जीव वाचवते. हिंगोलीत सरकारी पैसा आधी तिथेच जायला हवा.

मग घरात कसे ठरवायचे?

१. लक्षण आहे का? शौचावाटे रक्त, काळी विष्ठा, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण नसताना उतरलेले वजन, कमी झालेले हिमोग्लोबिन. यांपैकी काहीही असेल, तर वय न पाहता डॉक्टरांकडे जा. उतारवयात लोह कमी झाले, तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नका. रक्त कुठे जाते ते शोधा.

२. धोका जास्त आहे का? आई-वडील, भावंडे किंवा मुलांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, आधी पॉलिप निघाला असेल किंवा आतड्याला जुनी सूज असेल, तर नियम वेगळे. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

३. पुढची पायरी चढायची तयारी आहे का? ‘फिट’मध्ये रक्त आढळले, तर कोलोनोस्कोपी करावीच लागते. ती झेपणार नसेल, तर ‘फिट’ने फक्त घोर वाढेल.

४. ज्यांची तपासणी, त्यांना विचारले का? मुलांनी परस्पर पॅकेज बुक करणे म्हणजे निर्णय नव्हे.

खर्चाचे काय?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते मुख्यतः दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. लक्षण नसताना हौसेने केलेल्या तपासणीचे पैसे खिशातूनच जातात. त्यात नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची फेरी आली. म्हणूनच लक्षण असलेल्या वृद्धांना ही सोय जिल्ह्यातच, वेळेत मिळणे महत्त्वाचे.

७८ व्या वर्षी ठणठणीत असलेल्या वडिलांनी तपासणीला नको म्हटले, तर तो निष्काळजीपणा नाही आणि मुलानेही अपराधी वाटून घेऊ नये. आईचे रक्त जाणे मात्र ‘वयाचे’ म्हणून सोडणे हा निष्काळजीपणाच. कदाचित ती मूळव्याधच निघेल. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायला हवे. दिवाळीच्या सुटीत एकच फेरी जमणार असेल, तर ती आईसाठी व्हावी.